मराठी पाट्यांसाठी फ्रीकॅड, ओपनएससीकॅड आणि इंकस्केप: काही महिने वापरल्यावर

लेझर कटर आणि छोट्या राउटरवर (फिरत्या पात्याने कापणारं-कोरणारं यंत्र) घरांच्या, दुकानांच्या मराठी पाट्या करतो. फ्रीकॅड (त्रिमित कॅड ड्रॉइंगचं), ओपनएससीकॅड (कोड लिहून आकार करायचं) आणि इंकस्केप (रेषाचित्रांचं) ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यामुळे पैशांचा हिशेब नको; वेळ कुठे जातो तेवढंच सांगतो.

फ्रीकॅडमधलं शेपस्ट्रिंग हे मजकुराचं साधन टीटीएफ, म्हणजे फॉन्टची फाइल घेतं आणि अक्षरांच्या कडा काढून देतं. इंग्रजीला झकास. देवनागरीत मात्र ते एकेक चिन्ह उचलून ओळीने मांडतं, जुळवणी (मात्रा, जोडाक्षरं जागच्या जागी बसवणं) करतच नाही. ‘शिंदे’ लिहिलं की वेलांटी श सोडून द च्या डोक्यावर जाते, आणि ‘कुलकर्णी’मधला रफार खाली उतरून पाय मोडलेला र होऊन बसतो. फॉन्ट बदलत बसू नका, दोष फॉन्टचा नाही. कितीतरी ठिकाणी ड्रॉइंगमध्ये अजून जुने, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र कोड मिळण्याआधीचे) मराठी फॉन्ट चालतात ते याच कारणाने. त्यांत मराठी तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि जुळवणी टाइप करणाराच करतो. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडा, नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल.

ओपनएससीकॅड इथे सरस आहे. त्याची टेक्स्ट ही आज्ञा हार्फबझ या अक्षरजुळवणीच्या सॉफ्टवेअरमधून जाते, म्हणून जोडाक्षरं, रफार, अगदी ‘कऱ्हाडे’मधला ऱ्हसुद्धा नीट येतो. भाषेच्या जागी मराठीचा कोड दिला आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. गोलाई सरळ तुकड्यांची होते, तेव्हा तुकड्यांची संख्या वाढवून घ्या, नाहीतर व चं पोट कोनाकोनाचं दिसतं. सोसायटीच्या सगळ्या फ्लॅटच्या पाट्या एकाच मापात करायच्या असतील तर याला तोड नाही. एखादं अक्षर हाताने हलवायचं असेल तर मात्र वैताग.

म्हणून रोजचं काम इंकस्केपमध्ये. मी बहुतेक वेळा ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ फॉन्ट वापरतो. विकतचा फॉन्ट कापायला घेण्याआधी त्याचा परवाना वाचावा. मजकूर जुळवायचा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांच्या नुसत्या रेषा) करायचं, आणि मग ‘युनियन’ (सगळे आकार जोडून एक). ही शेवटची पायरी फार महत्त्वाची. शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत थोडी घुसलेली असतात. युनियन केलं नाही तर लेझर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा कापतो आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. केलं, तर अख्खं ‘देशपांडे’ एका तुकड्यात निघतं. इंग्रजी पाटीत प्रत्येक अक्षर वेगळं चिकटवावं लागतं, ती कटकट इथे शिरोरेषेने वाचवली.

फक्त अनुस्वाराचा टिंब सुटा पडतो. त्याला खालून बारीक पूल द्यावा लागतो, किंवा टिंब वेगळा चिकटवावा लागतो. स्टेन्सिलमध्ये (अक्षरं कापून काढलेल्या पत्र्यात) उलटं: तिथे व, ब, म यांची पोटं गळतात.

पाथ केल्यावर स्पेलिंग बदलता येत नाही, तेव्हा मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवा. ग्राहक ‘दीपक’चं ‘दिपक’ करून मागतोच.

मापाचा एक घोळ माहीत असू द्या. इंकस्केपने ०.९२ आवृत्तीपासून एका इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरले. जुनी एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) कॅडमध्ये नेली की १०० मिमीची पाटी ९३.७५ मिमीची होऊ शकते. आयात केल्यावर आधी रुंदी मोजायची, मग मटेरियल लावायचं.

माझी खरी अडचण आहे ती एकाच रेषेत कोरण्याच्या अक्षरांची. इंकस्केपच्या हर्शी टेक्स्ट या सोयीत असले फॉन्ट मिळतात, पण देवनागरी नाही. साधा फॉन्ट कोरला की प्रत्येक दांड्याच्या दोन कडा उमटतात, आणि बारीक अक्षरात ते गिचमिड दिसतं. पितळेच्या छोट्या पट्टीवर नाव हवं असेल तर मी अजून फॉन्ट खाली फिका ठेवून वरून पेन टूलने रेषा ओढतो, आणि त्याचे पैसे वेगळे लावतो.