मासे आजारी नव्हते, घाबरले होते

आमच्याकडे डोंबिवलीत तीन फुटी टँक आहे. पाणी मावतं साधारण 140 लिटर. त्यात चार एंजल आणि अकरा ब्लॅक विडो मासे होते. गेल्या पावसाळ्यात या टँकपायी मी 4,560 रुपये घालवले आणि निम्म्याहून जास्त मासे घालवले. पैसे अक्षरशः पाण्यात गेले. घरात मासे असतील आणि महिन्याला टँक धुवायला माणूस येत असेल, तर पुढचं वाचाच.

जूनमध्ये हा माणूस नेहमीसारखा आला. तीन वर्षं येत होता, त्यामुळे चहा ठरलेला. पाणी बदलताना म्हणाला, "काका, फिल्टर आवाज करायला लागेल आता. सर्व्हिसिंगला नेतो, ऑइलिंग करून दोन दिवसांत आणून देतो." अडीचशे रुपये. मी हो म्हटलं. टँकच्या आत बुडवून ठेवायच्या फिल्टरला तेल घालायची जागाच नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आतली फिरकी चुंबकावर फिरते आणि पाणी हेच तिचं वंगण. "ऑइलिंग" हा शब्द ऐकला तिथेच मी त्याला थांबवायला हवं होतं.

फिल्टर परत आला, लावला, पाणी फिरायला लागलं. त्याच आठवड्यात विडो बिघडले. एरवी मी काचेजवळ गेलो की खायला मिळेल म्हणून पुढे धावणारे मासे मागच्या कोपऱ्यात झाडाआड गठ्ठा करून बसायचे. अंगावरचे काळे पट्टे फिके पडले. मध्येच सगळे एकदम उधळायचे, काचेवर आपटायचे, आणि परत कोपऱ्यात. एंजल मात्र निवांत होते. खाणं टाकलं की येत होते, खात होते. हा फरक मी पाहत होतो, पण त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही.

त्याला व्हिडिओ पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: "इन्फेक्शन आहे काका, उशीर करू नका." संध्याकाळी येऊन त्याने निळं औषध टँकमध्येच ओतलं. पाणी शाईसारखं झालं. ते मिथिलीन ब्लू होतं. औषध वाईट नाही. बुरशीवर, अंड्यांवर वापरतात. पण ते वेगळ्या भांड्यात, आजारी मासा बाजूला काढून द्यायचं असतं. चालू फिल्टरच्या टँकमध्ये घातलं की स्पंजमधले उपयोगाचे जिवाणूही मरतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नवीन टँकमध्ये ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. माझी तीन वर्षांची फौज 180 रुपयांच्या बाटलीने आडवी केली.

पाच-सहा दिवसांनी मासे खरोखरच आजारी दिसायला लागले. पृष्ठभागावर येऊन धापा टाकायचे, कल्ले लालभडक. दोन एंजल आणि चार विडो गेले. तो आला आणि म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं ना इन्फेक्शन." या वाक्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. कारण त्या क्षणी मला तो बरोबर वाटला होता. आपण सांगितलेला आजार आपणच तयार करायचा आणि मग तो दाखवायचा, यापेक्षा सोपा धंदा कुठला?

त्यानंतर रांगच लागली. पिवळं औषध 220. पावसाळ्यात पाणी गार पडतं म्हणून नवा हीटर 850. लेबल नसलेल्या बाटलीतले "इम्पोर्टेड बॅक्टेरिया" 900. आणि 1,200 रुपयांत "फुल वॉश": सगळं पाणी उपसलं, खडी बाहेर काढून धुतली, स्पंज थेट नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. चुकून काही जिवाणू उरले असतील तर ते त्यात गेले. नऊशे रुपयांचे बॅक्टेरिया ओतून दोनच दिवसांनी स्पंज नळाखाली धुणारा माणूस त्या बाटलीत काय विकत होता, तुम्हीच विचार करा.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट चालली होती. दर फेरीला तो जाळी घालून "आजारी" मासा पकडायचा, उलटासुलटा करून बघायचा, आणि परत सोडायचा. तो गेल्यावर उरलेले विडो बराच वेळ सैरभैर. याचं कारण मी नंतर वाचलं. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने 1938 मध्ये मिनो नावाच्या लहान माशांवर काम करताना दाखवलं की माशाची कातडी जखमी झाली तर त्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्याचा वास लागताच बाकीचा थवा घाबरून पळतो. टेट्रा, कार्प, मागूर यांच्या मोठ्या कुळात हे सर्रास आढळतं, आणि आमचा ब्लॅक विडो टेट्राच. म्हणजे जाळीने मासा खरचटला की टँकभर धोक्याची घंटा. मासे का घाबरलेत ते शोधायला आलेला माणूस दर वेळी त्यांना नव्याने घाबरवून जात होता.

शेवटी त्याने "जुने मासे कमजोर झालेत" म्हणून आठ गुलाबी विडो आणून सोडले, 120 रुपयांना एक. इम्पोर्टेड जात, म्हणे. दोन महिन्यांत गुलाबी रंग उतरून ते मळकट पांढरे झाले. रंगवलेले मासे! पण तो स्वतंत्र विषय आहे.

उलगडा झाला तो एका शुक्रवारी. सकाळी लाइट गेले. पंखा बंद, फ्रिज बंद, घर एकदम शांत. पाच-दहा मिनिटांनी बायको बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "अहो, इकडे या. मासे बघा." विडो टँकच्या मध्यभागी होते. जुने आणि नवे, सगळे एकत्र, सावकाश फिरत होते. मी काचेवर बोट ठेवलं तर दोघे पुढे आले. महिनाभरात पहिल्यांदा.

लाइट आले, फिल्टर सुरू झाला, क्षणभर काही नाही. मग आतून कट-कट-कट असा बारीक आवाज, आणि सगळे मासे कोपऱ्यात. आवाज थांबला, पुन्हा आला, पुन्हा उधळण. टीव्ही आणि पंख्याच्या गोंगाटात आम्हाला तो कधी ऐकूच आला नव्हता. मी काचेला कान लावला तेव्हा स्पष्ट ऐकू आला. तळहात ठेवला तर काच थरथरत होती. मग प्लग काढला: दहा मिनिटांत मासे मध्ये. लावला: कोपऱ्यात. असं तीनदा केलं.

टेट्रा, बार्ब, गोल्डफिश यांच्या शरीरात हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. त्यामुळे त्यांना पाण्यातला आवाज फार चांगला ऐकू येतो. एंजल वेगळ्या कुळातला, त्याला ही साखळी नाही. म्हणून सुरुवातीला विडो भेदरले होते आणि एंजल मजेत होते. पाणी खराब असतं तर सगळ्यांनाच त्रास झाला असता. माझ्या डोळ्यांसमोर उत्तर पोहत होतं आणि मी बाटल्या विकत घेत होतो.

फिल्टर बाहेर काढून उघडला. खालचं झाकण सरकवलं की फिरकी हातात येते. चारपैकी एक पातं तुटलेलं. ज्या दांडीवर फिरकी फिरते ती पांढरी, सिरॅमिकची असायला हवी. तिथे गंजलेली लोखंडी तार होती, तीही किंचित वाकलेली. आणि मग प्लगकडे लक्ष गेलं. आमच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चार प्लग आहेत. चुकून फिल्टर बंद होऊ नये म्हणून बायकोने त्याच्या प्लगवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. या प्लगवर ठिपकाच नव्हता. हा फिल्टर आमचा नव्हताच. तीच कंपनी, तेच मॉडेल, कुणाचा तरी मोडका. आमचा चांगला कुठल्या टँकमध्ये चाललाय देव जाणे.

अमोनिया मोजायचं किट मागवलं. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक. माझं हिरवं झालं. तीन आठवडे रोज थोडं थोडं, क्लोरीन काढलेलं पाणी बदललं, खाणं निम्म्यावर आणलं, नवा फिल्टर बसवला. एकही औषध घातलं नाही. जुन्यातले तीन विडो आणि एक एंजल वाचले.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, "काका, तुमचाच आहे, ठिपका पाण्याने गेला असेल." प्लग पाण्यात बुडवतात का, असं विचारल्यावर म्हणाला, "पाण्यातल्या वस्तूची गॅरंटी नसते." मग फोन उचलणंच बंद. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करायचं मनात आलं, पण दाखवणार काय? पावती एकही नाही. यूपीआयवर फक्त रकमा आहेत, तेही त्याच्या वैयक्तिक नंबरवर. कशाचे पैसे दिले ते कुठेच लिहिलेलं नाही. आता मी पन्नास रुपयांचं खाणं घेतलं तरी पैसे पाठवताना खाली वस्तूचं नाव लिहितो.

गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये तोच भेटला. चौथ्या मजल्यावरून चढला होता. हातात पाणी ठिबकणारी प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत फिल्टर.

"कुठे नेतोस?" मी विचारलं.

"सर्व्हिसिंगला," तो लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाला.

तळमजल्यावर तो उतरला. मी परत चारचं बटण दाबलं. टँक कुणाकडे आहे ते माहीत नव्हतं. दुसऱ्याच दारात सापडला.