ठेवीदाराला पत्र लिहिताना: दफ्तरी साचा की सरळ मराठी?

पतसंस्थेची पत्रे नव्याने लिहायला घेतली की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ असा चालत आलेला दफ्तरी साचा. दुसरी म्हणजे काउंटरपाशी उभ्या असलेल्या माणसाला जे सांगू, तेच नीट मराठीत कागदावर उतरवणे. आमच्या पतसंस्थेत मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत.

दफ्तरी साच्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तो तयार असतो, नवा कारकूनही त्यात तारीख आणि रक्कम भरून पत्र पाठवू शकतो आणि संचालक मंडळ त्यावर शंका घेत नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. इंग्रजीतला कारभार मराठीत आणण्याच्या त्या कामाचे आपल्या पत्रांवर मोठे ऋण आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुलीच्या कागदांत तर वकिलाने घातलेला शब्द मी आजही बदलत नाही.

माझा निर्णय झाला तो ‘करण्यात येईल’ या दोन शब्दांमुळे. मुदत ठेवीच्या आमच्या पत्रात वाक्य होते: ‘विहित कालावधीत सूचना प्राप्त न झाल्यास सदर ठेवीचे नूतनीकरण करण्यात येईल.’ एक निवृत्त शिक्षिका चार घड्या घातलेले ते पत्र आणि ठेवपावती घेऊन आल्या, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “अहो, पैसे ठेवायचे की काढायचे, हे मी ठरवायचं की तुम्ही?” आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईंना जे कळले नाही, ते इतर ठेवीदारांना कळत असेल असे मला वाटेना.

नवे पत्र असे झाले: ‘तुमच्या ठेवीची मुदत १५ जूनला संपते. पैसे काढायचे असतील तर १२ जूनपर्यंत पावती घेऊन शाखेत या. तुमच्याकडून काही कळले नाही, तर आम्ही ती रक्कम त्या दिवशीच्या व्याजदराने आणखी एक वर्ष ठेवू.’ हे लिहायला जवळजवळ आठवडा गेला, कारण ‘विहित कालावधी’ म्हणजे नेमके किती दिवस, यावर कार्यालयातच एकमत नव्हते. शाखाधिकारी सात म्हणत होते, व्यवस्थापक तीन. सरळ मराठीचा त्रास आहे तो हाच: आधी आपल्याला उत्तर माहीत असावे लागते.

‘तुम्ही’ ऐवजी ‘आपण’ लिहावे, असा आग्रह काही ज्येष्ठ संचालकांनी धरला. त्यामागचा आदर मला मान्य आहे, पण ‘आपण नूतनीकरण करू’ यात संस्था आली की ठेवीदार, हे उमगत नाही, म्हणून मी ‘तुम्ही’वर ठाम राहिलो. पत्राचा अर्थ विचारणारे फोन त्यानंतर पुष्कळ कमी झाले, असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडे ठेवीदार वेगळे असतील, तर कदाचित इतका फरक जाणवणार नाही.

एसएमएस पाठवत असाल, तर मात्र फारसा पर्यायच उरत नाही. देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हे मावतात आणि काना, मात्रा, अनुस्वार व मधली मोकळी जागाही त्यात वेगळी मोजली जाते. दफ्तरी पत्राची वर दिलेली सुरुवातच त्यातली ४७ चिन्हे खाते, तारीख आणि रक्कम यायच्या आधी.