यूएन ट्रीटी कलेक्शन: तक्ता बरोबर, पण अपुरा

कोणता देश कोणत्या आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेला आहे हे तपासायचं, तर संयुक्त राष्ट्रांच्या ‘ट्रीटी कलेक्शन’हून भरवशाची साइट नाही. वापर फुकट, आणि माहिती खुद्द डिपॉझिटरीची: देश ज्यांच्याकडे आपली कागदपत्रं जमा करतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांची. ५६० हून अधिक बहुपक्षीय करार इथे सापडतात. तरीही इथूनच चुकीचे निष्कर्ष काढणारे कमी नाहीत, कारण बहुतेकजण कराराच्या पानावरचा देशांचा आणि तारखांचा तक्ता बघतात आणि पान बंद करतात.

सर्चच्या नादी लागू नका, प्रकरणांच्या यादीतून जा. मानवी हक्क चौथ्या प्रकरणात, रोम संविधी (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणारा करार) अठराव्यात, समुद्र कायदा एकविसाव्यात.

तक्त्यात सहीचा रकाना वेगळा, अनुसमर्थनाचा (करार बंधनकारक म्हणून मान्य केल्याचा) वेगळा. नुसती सही असेल तर देश पक्षकार होत नाही. बालहक्क करारावर अमेरिकेची सही १९९५ ची आहे. पुढचा रकाना रिकामाच. तारखेपुढचा लहान ‘ए’ म्हणजे आधी सही न करता थेट सामील झालेला देश, ‘डी’ म्हणजे आधीच्या राज्याकडून वारशाने आलेलं बंधन. कॅपिटल ‘ए’ मात्र स्वीकृतीचा. तक्ता कॉपी करताना ही अक्षरं हमखास गळतात.

सगळ्यात जास्त घोटाळा तारखेचा. तक्त्यातली तारीख कागद जमा केल्याची असते, करार लागू झाल्याची नव्हे. रोम संविधीच्या कलम १२६ प्रमाणे कागद जमा झाल्यावर साठ दिवस मोजायचे आणि त्यानंतरच्या महिन्याची पहिली तारीख धरायची. पॅलेस्टाईनने २ जानेवारी २०१५ ला कागद दिला. साठावा दिवस मार्चमध्ये पडला, म्हणून संविधी लागू झाली १ एप्रिलला. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात हीच मुदत तीन महिन्यांची, समुद्र कायद्यात तिसाव्या दिवसाची. हिशेब स्वतः करायचा नसेल तर त्या देशाची ‘सी.एन.’ क्रमांकाची अधिसूचना उघडा, तिच्यात तारीख दिलेली असते.

खरा माल पानाच्या तळाशी आहे: घोषणा, राखून ठेवलेली (म्हणजे आपल्याला लागू नाहीत असं देशाने सांगितलेली) कलमं, इतर देशांचे आक्षेप, तळटीपा. समुद्र कायद्याच्या तक्त्यात चीनपुढे १९९६ दिसतं, बस्स. खाली गेल्यावर २००६ ची घोषणा सापडते: कलम २९८ खाली सागरी सीमांकनासारखे वाद सक्तीच्या निवाड्यातून वगळलेले. रोम संविधीवर अमेरिकेची २००० ची सही आहे, पण पक्षकार व्हायचा इरादा नाही असं तिने २००२ मध्ये कळवलं, तेही टिपेतच.

मर्यादाही आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांची डिपॉझिटरी स्वित्झर्लंड, अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या तीन: अमेरिका, ब्रिटन, रशिया. त्यामुळे महासचिवांच्या यादीत हे करार नाहीत म्हणून देश मोकळा समजू नये.

द्विपक्षीय करारांसाठी शेजारचा ‘ट्रीटी सिरीज’ विभाग बघा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०२ नुसार तिथे नोंदणी होते. ती नसेल तर करार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे पुढे करता येत नाही. करार वैध की अवैध हे मात्र नोंदणीवरून ठरत नाही, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कतार-बहारीन प्रकरणात १९९४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. मजकूर छापून यायला वेळ लागतो, तेव्हा ताजा करार दिसला नाही तर नोंदणीच नाही असं गृहीत धरू नका.

दाखला देताना पानावरची ‘या तारखेची स्थिती’ ही ओळ सोबत लिहा.