सूरसागरजवळचा इंग्रजी लेखनाचा क्लास: टॉपिक सेंटेन्ससाठी नक्की जावा असा

आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात बहुतेक सगळं इंग्रजीत लिहावं लागतं. मराठी शाळेतून आलेल्या एम.ए.च्या, पीएच.डी.च्या मुलामुलींना व्याकरणापेक्षा जास्त छळतो तो परिच्छेद. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

क्लासमधले सर्वांत मोलाचे तास टॉपिक सेंटेन्सचे, म्हणजे परिच्छेदाचा मुख्य मुद्दा सांगणाऱ्या वाक्याचे. मॅडम प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारतात: विषय कोणता, आणि त्याबद्दल तुझं म्हणणं काय? फळ्यावरचं उदाहरण बडोद्याचंच होतं. ‘सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.’ हे खरंच आहे, पण यात सिद्ध करण्यासारखं काही नाही, म्हणून परिच्छेद तिथेच थांबतो. ‘सयाजीरावांचं शिक्षणकार्य थोर होतं’ यावर ग्रंथ होईल, ते एका परिच्छेदात मावणार नाही. मग तिसरं: ‘राज्यातल्या अमरेली तालुक्यात 1893 मध्ये आधी प्रयोग केल्यामुळे 1906 ची सक्ती राबवणं दरबाराला सोपं गेलं.’ आता पुढे काय वाचायला मिळणार ते कळतं, आणि लिहिणाऱ्यालाही पुरावे कुठले शोधायचे ते कळतं. लक्ष्मी विलास राजवाड्याबद्दलचं वाक्य कितीही सुंदर असलं तरी इथे नको, हेही आपोआप ठरतं.

हे वाक्य परिच्छेदात पहिलंच हवं असा मॅडमचा हट्ट नाही. आधीच्या मुद्द्याशी जोडणारं एखादं वाक्य त्याच्याआधी चालतं. पण ‘धिस पॅरेग्राफ विल डिस्कस’ अशी सुरुवात दिसली की त्या लगेच खोडतात, आणि मला ते पटतं.

मला सर्वांत आवडला तो सराव असा: पूर्ण निबंधातली फक्त टॉपिक सेंटेन्स कोऱ्या कागदावर उतरवायची आणि सलग वाचायची. युक्तिवाद तेवढ्यावर समजला पाहिजे. एकच मुद्दा दोनदा आलाय का, मधला दुवा सुटलाय का, ते तिथे लख्ख दिसतं. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा क्रम मी यावरूनच नव्याने लावला. गाईडनीही तो मान्य केला.

बाकी शब्दसंग्रहाचे तास सामान्य आहेत. बॅच फार मोठी असल्यामुळे तपासलेल्या वह्या उशिरा परत मिळतात. फी घेताना याचा विचार व्हायला हवा. संध्याकाळी स्कूटर लावायला जागा मिळत नाही, दांडिया बाजाराकडून चालत गेलेलं बरं.

जाणार असाल तर स्वतःचा अर्धामुर्धा निबंध सोबत न्या. मॅडम आयत्या उदाहरणांपेक्षा त्यावर जास्त वेळ देतात.