बारा इंची इन्क्रिमेंट बोअरर: दोन हंगाम सागावर वापरल्यानंतर

झाडाचं वय काढायला ते तोडावं लागत नाही, हे घरात पटवून देता देता हा बोअरर, म्हणजे खोडात फिरवत घालायचा पोकळ गिरमिट, आला. परदेशी बनावटीचा, ५.१५ मिलिमीटर जाडीचा कोअर, म्हणजे लाकडाची बारीक कांडी, काढणारा. किंमत ऐकून नवरा एवढंच म्हणाला, "यात फ्रिज आला असता."

दोन हंगाम चंद्रपूरकडच्या सागांवर चालवला, रीतसर परवानगी काढून. धार उत्तम. सुरुवातीला अंगाचा भार द्यावा लागतो, मग आटे लाकूड धरतात आणि तो आपणहून आत शिरतो. आट्यांना मधमाशांचं मेण चोळा, हात बराच हलका होतो. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बोथटते. धार लावायचं सामान जवळ हवंच. बारा इंची दांडी पाच-साडेपाच फूट घेरापर्यंत गाभा गाठते.

चमचा, म्हणजे कोअर ओढून काढायची पत्र्याची लांब पट्टी, आत सारून अर्धा फेरा उलटा दिला की कोअर टक्‌कन तुटतो. तो बघत बसू नका, आधी बोअरर बाहेर काढा. मी कोअर न्याहाळत उभी राहिले आणि तेवढ्यात लाकडाने बोअरर आवळला. मग मी आणि वाटाडे मामा अर्धा तास मुठीला लोंबकळत होतो.

घरी कोअर खाचेत चिकटवून बारीक काचपेपरने घासला की मजा सुरू होते. साग पानगळीचा, पावसाबरोबर वाढ धरतो तेव्हा मोठ्या छिद्रांची ओळ उमटते, म्हणजे वर्षाला एक कडं. पण पावसाने मध्येच मोठी उघडीप दिली तर खोटं कडंही पडतं. सालीकडून मोजत मी १९७२ वर आले, तर कडं चांगलं जाडजूड! सासूबाई ज्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या, ते साल असं कसं? दुसऱ्या झाडाचा कोअर शेजारी ठेवला तेव्हा कळलं की एक खोटं कडं मी वर्ष म्हणून मोजलं होतं. खरं बहात्तर एक घर आत होतं, दोऱ्याएवढं बारीक.

चुलतभावाला याने वाड्याची तुळई तपासून हवी होती. वाळलेल्या जुन्या लाकडात हा घालू नका, मोडेल. शिवाय नुसती कडी मोजून झाड किती वर्षं जगलं ते कळतं, कोणती वर्षं ते नाही. त्यासाठी एकाची जाड-बारीक कडी दुसऱ्याशी जुळवत जिवंत झाडांपासून मागे जाणारी साखळी लागते. अ‍ॅरिझोनात खगोलशास्त्रज्ञ डग्लस यांची साखळी मध्येच तुटलेली होती. १९२९ साली एका जळक्या तुळईने ती जोडली आणि प्वेब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या वस्त्यांना खरी सालं मिळाली. आपल्या सागाची साखळी वाड्यापर्यंत पोचली की बोलू, असं भावाला सांगितलंय.

एक तारा कापतेय तो चमच्यासाठी. पत्रा पातळ, दुसऱ्याच महिन्यात टोक वाकलं, आणि विक्रेत्याने सुटा चमचा द्यायला दीड महिना लावला. घेणार असाल तर दोन चमचे एकदमच मागवा.