पुल्चिनेल्लाचा प्रिंट घ्या, फ्रेम दुसरीकडे करा

पणजीत फोंतेन्हासमधल्या एका छोट्या चित्रदुकानात अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार दोमेनिको तिएपोलो याच्या पुल्चिनेल्ला-चित्रांचे प्रिंट मिळतात. पुल्चिनेल्ला म्हणजे इटलीच्या मुखवटा-नाटकांतला विदूषक. ए-३ आकाराचा सुटा प्रिंट १,४०० रुपये, फ्रेमसकट ३,२००. सुटा प्रिंट बिनधास्त घ्यावा. फ्रेम मात्र नको.

१७९७ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या दोमेनिकोने ही १०४ चित्रांची मालिका हाती घेतली. पांढरा घोळदार अंगरखा, उंच निमुळती टोपी, चोचीच्या नाकाचा काळा मुखवटा, कुबड आणि सुटलेलं पोट हा पुल्चिनेल्लाचा अवतार. एका चित्रात टर्की अंडं उबवते आणि त्यातून पुल्चिनेल्लाचा बाप बाहेर येतो! पुढे फाशीच्या चित्रातही गर्दीतले कितीतरी जण हुबेहूब त्याच्यासारखेच. दशावतारातल्या संकासुरासारखं इथेही तोंड झाकलेलं असतं, त्यामुळे सगळी गंमत पाठीच्या बाकात, पोटाच्या भारात आणि मानेच्या वळणात येते.

म्हणूनच छपाई नेमकी हवी. मुळात खाली काळा खडू, त्यावर तपकिरी शाईची थरथरती रेघ आणि वर पातळ वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा हात. अंगरख्याचा पांढरा म्हणजे बराचसा कोरा कागदच. स्वस्त प्रिंटमध्ये कॉन्ट्रास्ट चढवतात. मग तपकिरी काळपट होतो, खडू पुसला जातो आणि कागद ट्यूबलाइटसारखा पांढरा पडतो. इथे कॉटन कागदावर पिगमेंट शाई वापरली आहे आणि कागदाचा उबदार रंग टिकला आहे. भिंगातून टोपीची सावलीची बाजू पाहा, वॉशचे थर वेगवेगळे दिसतात. सुंदर काम!

एक बघून घ्या: ए-३ मूळ कागदापेक्षा लांबट आहे. कडेपर्यंत भरून छापलेल्या प्रतीत वर-खाली कात्री लागते. चारी बाजूंनी समास सोडलेलीच मागा.

आता फ्रेम. काच थेट कागदावर टेकवली आहे आणि मागे एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. गोव्याच्या पावसाळ्यात काचेखाली दमटपणा अडकून कागद काचेला चिकटतो, बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. एमडीएफ ओल धरतं आणि त्यातलं आम्लही कागदाला बाधतं. त्यापेक्षा म्हापशाला किंवा मडगावला ओळखीच्या फ्रेमवाल्याकडून अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे काच कागदापासून दूर ठेवणारी आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट, लावून घ्या. प्रिंट पूर्ण चिकटवू देऊ नका. जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी फक्त वरून टांगायचा. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी गुट्ट्या लावा, हवा खेळते. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसात ती पाझरते.