'ह्योका' की 'शोशिमिन': आधी कुठली बघाल?

शाळेतले एक सर. तास चालू असताना बाहेर हेलिकॉप्टरचा आवाज येतो, तसे ते शिकवणं थांबवून खिडकीपाशी जातात, आभाळाकडे बघत राहतात आणि मुलांना सांगतात की मला हेलिकॉप्टर आवडतात. पुढे हायस्कुलात गेल्यावर ओरेकी होतारोला हा प्रसंग आठवतो आणि एक गोष्ट खटकते. नंतरही शाळेवरून हेलिकॉप्टर गेली होती, पण सरांनी मान वर केली नव्हती. मग एरवी जागचा न हलणारा हा मुलगा शहराच्या वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं काढून बसतो. सर तसं का म्हणाले, हे नीट न कळता 'सरांना हेलिकॉप्टरचं वेड होतं' असं हसत सांगत फिरणं त्याला बरं वाटत नाही.

'ह्योका' या जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकेचा १८वा भाग एवढाच आहे. या प्रकारच्या ॲनिमेत काय ठेवलंय असं कुणी विचारलं की मी हाच भाग सांगते. जपानीत याला 'निचिजो नो नाझो' म्हणतात, म्हणजे रोजच्या जगण्यातली कोडी. सरांच्या त्या एका वाक्यामागे एक माणूस उभा असतो, आणि कोडं सुटतं तेव्हा तो आपल्याला पहिल्यांदा दिसतो.

तर या वाटेला नव्याने येणाऱ्याने 'ह्योका'पासून सुरुवात करावी की 'शोशिमिन'पासून? दोन्ही योनेझावा होनोबु या एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या. दोन्ही त्याच्याच गिफू प्रांतात घडतात: 'ह्योका'तलं कामियामा गाव ताकायामावरून उभं केलंय, तर 'शोशिमिन'मध्ये गिफू शहर आणि तिथली नागारा नदी आहे. भागही दोन्हीकडे २२च. 'ह्योका' क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओने २०१२ मध्ये सलग आणली, वर एक जादा भाग वेगळा आहे. 'शोशिमिन'चे १० भाग २०२४ मध्ये आले, उरलेले १२ २०२५ मध्ये. इतकं सगळं सारखं असूनही बघून उठताना मन अगदी वेगळ्या जागी असतं.

'ह्योका'तला ओरेकी शक्ती वाचवून जगणारा. गरज नसेल ते करायचं नाही, करावंच लागलं तर झटपट उरकायचं. बहिणीच्या सांगण्यावरून तो अभिजात साहित्य मंडळात नाव घालतो आणि तिथे त्याला चितांदा एरू भेटते. 'वाताशी, कि नि नारिमास!' म्हणजे मला हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही, असं म्हणत ती जवळ येते, आणि तिचे केस वेलींसारखे वाढत, फुलत त्याच्याभोवती गुंडाळले जातात. संवादात एक अक्षर न वाढवता हा मुलगा अडकला हे आपल्याला कळतं. सहाव्या भागात गणिताचे सर वर्गात न शिकवलेल्या धड्यावरून रागावतात. ते चुकले कसे, याचं उत्तर त्यांच्या नोंदीतल्या 'ए' आणि 'डी' या दोन बारक्या इंग्रजी अक्षरांच्या सारखेपणात सापडतं. पण चितांदाला ते का जाणून घ्यायचं होतं, इथपर्यंत ओरेकीचा तर्क पोचत नाही, आणि हे त्याचं त्यालाच उमगतं. मला तो भाग त्यासाठी आवडतो.

दुसऱ्याच्या मनाचा अंदाज बांधताना माणूस चुकतो, हा धागा पुढे घट्ट होत जातो. आठव्यापासून अकराव्या भागापर्यंत वरच्या वर्गातल्या मुलांच्या अर्धवट राहिलेल्या चित्रपटाचं प्रकरण आहे. तिथे ओरेकीला पहिल्यांदाच आपल्या हुशारीचा अभिमान वाटतो, आणि लगेच त्याची किंमतही मोजावी लागते. पाचव्या भागानंतर बघणं सोडलेले बरेच जण मला माहीत आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं, अकरावा तरी गाठा.

'शोशिमिन'मध्ये गोष्ट उलट्या टोकापासून सुरू होते. कोबातो जोगोरो आणि ओसानाई युकी यांना आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचे चटकेही बसून गेलेत. म्हणून दोघांनी ठरवलंय की आता चारचौघांसारखं साधं राहायचं, आणि एकमेकांचं निमित्त पुढे करून भानगडींतून सुटायचं. प्रेम नाही, करार. पण पहिल्याच भागात ओसानाईची सायकल चोरीला जाते, बास्केटमधल्या स्ट्रॉबेरी टार्टसकट, आणि त्या नेमस्त चेहऱ्यामागे काय दडलंय याची चुणूक मिळते. दुसऱ्या भागातलं कोडं तर स्वयंपाकघरातलं. कोबातोचा जुना मित्र दोजिमा केंगो याने गरम कोको केला, कप तीन, आणि सिंक मात्र कोरडं ठणठणीत. दूध तापवलं कशात? इतक्याशा गोष्टीवर अख्खा भाग उभा राहतो, आणि आपणही मनातल्या मनात भांडी मोजायला लागतो.

दिग्दर्शक कांबे मामोरू यांनी चित्रचौकट सिनेमासारखी रुंद ठेवलीय. दोघं बोलत असतात कॅफेत, आणि तर्क चालू झाला की मागचं दृश्य बदलून ती नदीकाठी उभी दिसतात. काहींना हे खटकतं. मला ते फार पटलं, कारण या दोघांची खरी गाठभेट होते ती विचारातच.

निवड करताना एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. 'शोशिमिन' कोकोच्या कपापाशी थांबत नाही. पुढे अपहरण येतं, आगी लावण्याचं प्रकरण येतं, गाडीची धडक येते. तुम्हाला निव्वळ लहान कोडी हवी असतील तर दुसऱ्या पर्वात मन जड होईल. 'ह्योका'त तसं नाही. तिथे सगळ्यात गंभीर प्रकरणही कित्येक वर्षांपूर्वीच्या, मंडळाच्याच एका साहित्यसंग्रहाच्या नावात दडलेलं आहे.

माझं मत विचाराल तर आधी 'ह्योका' घ्या, रोज एक भाग, घाई न करता. दहावी-अकरावीतलं कुणी घरात असेल तर सोबत बसवा. कोडी सोडवायला बसलात आणि पात्रांच्या गोडव्याने कंटाळलात, तर मात्र थेट 'शोशिमिन' लावा. त्याच्या पहिल्या पर्वात शार्लोट केकचा एक भाग आहे. कोबातो ओसानाईच्या वाटणीचा केक खातो आणि खुणा पुसत बसतो. ती परत येते, समोर बसते. तो भाग बघताना पुन्हा मागे जाऊन टेबलावरची प्रत्येक वस्तू नीट बघा.